कर्जतच्या धुळीत टायटॅनियम कशाला?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई, ठाणे, पनवेलचे मोटरसायकलस्वार कर्जत-खालापूरच्या कच्च्या वाटा धुंडाळू लागतात. त्याच सुमारास गॅरेजांमधून एक सल्ला हमखास ऐकू येतो. गाडी खरोखर ऑफ-रोडसाठी तयार करायची असेल तर हेड उघडा, कंपनीचे स्टीलचे व्हॉल्व्ह काढा आणि टायटॅनियमचे घाला. रेसच्या गाड्यांना तेच असतात. हा सल्ला चुकीचा आहे. तो नुसता खर्चिक असता तर मी त्यावर लिहिलं नसतं, ज्याचा पैसा त्याची हौस. पण या सल्ल्यामुळे चांगली इंजिनं बिघडतात, आणि त्याच्यासोबत सुचवली जाणारी एक सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी, ती कापणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांवर उठू शकते. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. टायटॅनियमची घनता साडेचारच्या आसपास, पोलादाची पावणेआठ. म्हणजे त्याच मापाचा व्हॉल्व्ह सुमारे ४० टक्के हलका होतो. हलका व्हॉल्व्ह कॅमच्या मागे बिनचूक धावतो, त्याला मागे खेचायला स्प्रिंगही हलकी पुरते, आणि इंजिन जास्त फेऱ्यांपर्यंत नेता येतं. २००१ ची यामाहा वायझेड २५० एफ पाचही व्हॉल्व्ह टायटॅनियमचे घेऊन आली. २००२ च्या होंडा सीआरएफ ४५० आर ला इनलेटचे व्हॉल्व्ह टायटॅनियमचे होते. मोटोक्रॉसच्या दुनियेत फोर-स्ट्रोकने टू-स्ट्रोकला मागे टाकलं, त्यात या हलक्या व्हॉल्व्हांचा वाटा आहे. तेव्हा ‘जगातले एवढे मोठे कारखाने वेडे आहेत का?’ हा प्रश्न रास्तच आहे. ते मुळीच वेडे नाहीत. त्यांनी ज्या कामासाठी तो धातू निवडला ते काम वेगळं आहे, आणि आपलं वेगळं.

व्हॉल्व्ह उघडतो कॅममुळे, पण मिटतो स्प्रिंगमुळे. इंजिनाच्या फेऱ्या फार वाढल्या की व्हॉल्व्हचा वेग स्प्रिंगला आवरेनासा होतो. कॅम खाली उतरलेला असतो आणि व्हॉल्व्ह अजून हवेतच असतो. यालाच फ्लोट म्हणतात. मिटायच्या वेळी तो सीटवर आपटतो, उसळतो, आणि कधी वर येणाऱ्या पिस्टनला भेटतो. या धोक्यामागचा जोर व्हॉल्व्हच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. फेऱ्या दुप्पट, तर जोर चौपट. आता कर्जतच्या वाटांवर दिसणारी गाडी घ्या. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनच्या ४११ सीसी इंजिनाची कमाल ताकद ६,५०० फेऱ्यांवर मिळते. मोटोक्रॉसचं २५० सीसी इंजिन साडेतेरा हजारांच्या घरात फिरतं. दोन्हींचा वर्ग काढून भागाकार केला तर तिथला जोर सव्वाचार पटींहून जास्त भरतो. स्टीलचा व्हॉल्व्ह आणि कंपनीची स्प्रिंग ही जोडी हिमालयनमध्ये जिथे निवांत काम करते, तिथे फ्लोट नाहीच. नसलेल्या आजारावर सगळ्यात महागडं औषध आणायचं कशासाठी? २०२० मध्ये आलेल्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरची कमाल ताकद ९,००० फेऱ्यांवर येते, २०२३ च्या हिमालयन ४५० ची ८,००० वर. या गाड्या जास्त फिरतात हे खरं. पण त्यांच्या कॅम, स्प्रिंग आणि व्हॉल्व्हचं गणित कारखान्याने स्टील धरूनच सोडवलेलं आहे.

यावर एक उलट प्रश्न येतो, आणि तो जाणकाराचा असतो. चढावर मागचं चाक जमीन सोडतं, मोकळं फिरतं, फेऱ्या एकदम उसळतात, मग फ्लोट होणार नाही का? होणार नाही, कारण आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मर्यादा ओलांडली की संगणक स्फोटच तोडतो. खरी भीती आहे ती वेगात चुकून खालचा गियर पडण्याची, कारण तेव्हा चाकच इंजिनाला फिरवतं आणि संगणकाच्या हातात काही उरत नाही. त्यावर इलाज हवाच असेल तर चांगल्या दर्जाची, थोडी जास्त ताणाची स्प्रिंग घालावी. हेडमधला प्रत्येक व्हॉल्व्ह बदलणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

‘रेसच्या गाड्यांना तेच असतात’ हे वाक्यही अर्धंच खरं आहे. त्याच २००२ च्या होंडाला एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह स्टीलचे होते. केटीएमच्या ४५० एसएक्स-एफ या निव्वळ मोटोक्रॉसच्या गाडीलाही इनलेट टायटॅनियमचे आणि एक्झॉस्ट स्टीलचे. ज्यांनी प्रत्येक ग्रॅम मोजला त्यांनीही एक्झॉस्टला स्टील का ठेवलं, हा प्रश्न आपल्याकडचे सल्लागार विचारतच नाहीत. उत्तर उष्णतेत आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्याला थंड व्हायची संधी मिळते ती सीटवर टेकतो तेव्हा. त्याच्या उष्णतेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग सीटमधून हेडमध्ये उतरतो, बाकीचा दांड्यातून गाइडमध्ये. टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात फार मंद आहे, एक्झॉस्टसाठी वापरतात त्या ऑस्टेनिटिक स्टीलच्या जेमतेम निम्मं. शिवाय नेहमीचं टायटॅनियम चारशे अंशांच्या पुढे दम सोडू लागतं. एक्झॉस्टसाठी त्याचे वेगळे मिश्रधातू लागतात, आणि तेही साडेपाचशेच्या आसपास थकतात.

कर्जत-खालापुरात गाडी तापते कशी, ते आठवून पाहा. जुलैच्या चिखलात पहिल्या गियरवर, क्लच अर्धा दाबून, माणसाच्या चालीने. वारा नाही. फिन्समध्ये किंवा रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलेला, वर वाळून घट्ट झालेला. फेऱ्या कमी, उष्णता जास्त. सुपरक्रॉसच्या मैदानावरची परिस्थिती बरोबर उलटी असते: फेऱ्या जास्त, अंगावर वारा भरपूर, खेळ काही मिनिटांचा. जो धातू तिथे शोभतो तो इथे उष्णतेला वाट देत नाही.

स्टील म्हणजे काहीतरी जुनाट, तडजोडीचं, असा जो सूर लावला जातो तो मला सर्वांत खटकतो. कोणत्याही गॅरेजमध्ये भंगारात टाकलेला जुना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचला आणि लोहचुंबक घ्या. बहुतेक वेळा दांड्याला चुंबक घट्ट चिकटेल आणि डोक्याला चिकटणारच नाही. दांड्यावर चुंबक फिरवत डोक्याकडे आलात तर एका जागी ओढ एकदम सुटल्याचं कळतं. तिथे जोड आहे, डोळ्याला दिसत नाही इतका सफाईदार. दोन वेगळ्या पोलादांचे तुकडे एकमेकांवर फिरवून, घर्षणाच्या उष्णतेने सांधलेले असतात. दांडा सिलिकॉन-क्रोम स्टीलचा, ज्याला पाणी देता येतं, म्हणजे त्याचं टोक रॉकरचा मार झेलू शकतं. डोकं २१-४एन या स्टीलचं: २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, ९ टक्क्यांच्या घरात मँगनीज आणि मुद्दाम मिसळलेला नायट्रोजन. हे पोलाद लालबुंद तापलं तरी ताकद धरून राहतं आणि जळत नाही. अनेक एक्झॉस्ट व्हॉल्व्हांच्या टेकणाऱ्या कडेवर आणखी स्टेलाइटचा, म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमचा थर वितळवून बसवलेला असतो. एकाच व्हॉल्व्हमध्ये तीन जागी तीन वेगळी कामं ओळखून तीन धातू वापरलेले. याला मागासलेपण म्हणायचं असेल तर म्हणा. मी याला विचार म्हणतो.

आणि हा विचार कुठे लांबून आणावा लागत नाही. खोपोलीत शिरताना जो पोलाद कारखाना लागतो तो १९६२ साली महिंद्रा उजीन या नावाने स्थापन झालेला, फ्रान्सच्या उजीन कंपनीच्या सहकार्याने, आणि गाड्यांच्या उद्योगाला लागणारं खास मिश्र-पोलाद बनवण्यासाठी. पुढे २०१२ मध्ये जपानची सान्यो स्पेशल स्टील त्यात भागीदार झाली. तिकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला ड्युरोव्हॉल्व्ह्ज ही कंपनी इंजिनांचे व्हॉल्व्हच बनवते. खालापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांतली माणसं पोलादाच्या भट्ट्यांवर नोकरी करून वर आली. त्यांच्या गावाच्या वेशीवरून गाडी नेताना कुणी ‘स्टीलमध्ये दम नाही’ असं म्हणतं, तेव्हा त्याला पोलाद किती ठाऊक आहे असा प्रश्न मला पडतो.

आता धुळीकडे येतो, कारण खरं भांडण तिथे आहे. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत काशेळे-खांडसकडच्या कच्च्या वाटांवर किंवा खडी-क्रशरच्या रस्त्यांवर एका मागोमाग चार गाड्या गेल्या की पाचव्याला पुढचं दिसत नाही. ही धूळ काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची. तिच्यात वाळूसारखं क्वार्ट्झ फारसं नसतं, म्हणून ती निरुपद्रवी आहे असं मी ऐकलेलं आहे. तसं नाही. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन ही खनिजं असतात आणि मोह्सच्या मापावर त्यांचं काठिण्य साडेपाच-सहाच्या आसपास पडतं. व्हॉल्व्हच्या मूळ धातूवर ओरखडा काढायला ते पुरेसं आहे, मग तो धातू स्टील असो की टायटॅनियम.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींचीही वाट अडवायची आहे. टायटॅनियमचे विरोधक सरसकट सांगतात की ते मऊ असतं म्हणून झिजतं. हे खोटं आहे. व्हॉल्व्हला वापरतात ते टायटॅनियम काठिण्यात २१-४एन स्टीलच्या जवळपासच असतं. त्याचा दोष दुसरा आहे. टायटॅनियम दुसऱ्या धातूवर दाबून घासलं की चिकटतं, त्याचे कण ओढले जातात आणि पृष्ठभाग फाटतो. म्हणून त्याच्यावर क्रोमियम नायट्राइडसारखा अतिशय कठीण लेप देतात. तो लेप आहे तोवर व्हॉल्व्ह उत्तम चालतो. पण लेपाची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. फिल्टरमधून निसटलेली धूळ सगळ्यात आधी इनलेट व्हॉल्व्हच्या कडेवर येते, व्हॉल्व्ह आणि सीट यांच्या मधे सापडते आणि दर मिटण्याला ठोकली जाते. ८,००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४,००० वेळा मिटतो. लेपाला एका जागी तडा गेला की आतलं उघडं टायटॅनियम सीटला चिकटू-फाटू लागतं. मग झीज हळूहळू होत नाही, ती धावत सुटते. स्टेलाइटचा थर मिलिमीटरमध्ये मोजतात, लेपाच्या शेकडो पट जाड. आणि साध्या स्टीलच्या व्हॉल्व्हचा तर आतबाहेर धातू एकच, वरचा थोडा गेला तरी खालचा त्याच गुणाचा. धूळ दोघांनाही खाते, पण स्टील सूचना देऊन झिजतं. २००४ मध्ये आलेल्या होंडा सीआरएफ २५० आर च्या मालकांची इनलेट व्हॉल्व्हबद्दलची तक्रार मोटोक्रॉसच्या जगात गाजली आणि अमेरिकेत त्यातल्या अनेकांनी टायटॅनियम काढून स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह बसवले. आपण उलट्या दिशेने निघालो आहोत.

टायटॅनियम सूचना देत नाही असं म्हणतो त्याचा अर्थ गॅरेजमधल्या एका रूढ समजुतीशी जोडलेला आहे: टॅपेट वाजत नाहीत, म्हणजे इंजिन सुरेख. रॉकरची झीज झाली तर टॅपेट वाजू लागतात, तेवढ्यापुरतं हे ठीक. पण व्हॉल्व्हची कड किंवा सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याचं टोक कॅमच्या जवळ येतं आणि मधली फट कमी होते. आवाज वाढत नाही, उलट बंद होतो. मालक खूश, मिस्त्री खूश, आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही म्हणून तो थंडही होत नाही. मग एक दिवस गरम गाडी बंद पडते आणि कितीही स्टार्टर मारला तरी उठत नाही. थंड झाल्यावर मात्र चालू होते. हेडवरचं झाकण उघडून फीलर गेज घातला तर सगळ्यात पातळ पातंही शिरत नाही.

या क्षणी जे केलं जातं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कर्जतच्या एका गॅरेजमध्ये बाहेरून आणून घातलेले टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असलेलं हेड उघडं पडलं होतं. इनलेटच्या दोन्ही व्हॉल्व्हांच्या कडेला चारी बाजूंनी खळगा पडला होता, नखाने चाचपता येईल असा, आणि त्या खळग्यात सोनेरी लेपाचा मागमूस नव्हता. त्याच्या बाहेर लेप लख्ख. मिस्त्रीने आधी पातळ शिम घालून फट जुळवली होती, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आता तो लॅपिंगची पेस्ट लावून, रबरी चूषकाच्या काठीने व्हॉल्व्ह सीटवर घासायच्या तयारीत होता. स्टीलच्या व्हॉल्व्हसाठी हे हात किती सराईत असतात ते मला माहीत आहे. पण लेपाच्या टायटॅनियम व्हॉल्व्हला पेस्ट लावणं म्हणजे उरलासुरला लेप स्वतःच्या हाताने काढून टाकणं. तो व्हॉल्व्ह घासायचा नसतो, ग्राइंडही करायचा नसतो. एकदा झिजला की फेकायचा आणि नवा घालताना सीटही नव्याने कापून घ्यायची. शिमने फट जुळवत राहणं म्हणजे झीज लपवणं. दोष त्या मिस्त्रीचा नव्हता. ज्याने महागडा व्हॉल्व्ह विकला त्याने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

सीटबद्दल तर कुणी बोलतच नाही. व्हॉल्व्ह दिसतो, हातात धरता येतो, त्याचा फोटो काढता येतो. सीट हेडमध्ये दाबून बसवलेली एक कडी. पण जात्याला टाकी घालायची तर दोन्ही तळींना घालावी लागते, एकीला घालून पीठ येत नाही. कंपनीच्या हेडमधली सीट बहुधा लोखंडाची भुकटी दाबून-भाजून केलेली असते. तिच्यात मॉलिब्डेनम, क्रोमियम, कोबाल्ट यांचे कठीण कण आणि कोरडं वंगण देणारे पदार्थ मोजून-मापून मिसळलेले असतात, आणि हे सगळं समोरच्या व्हॉल्व्हचा धातू ठरल्यानंतर ठरतं. स्टीलसाठी जुळवलेल्या सीटवर टायटॅनियम आणून बसवलं की ही जुळणी मोडते. कारखान्यातून टायटॅनियम घेऊन येणाऱ्या मोटोक्रॉस गाड्यांनाही भुकटीच्या लोखंडी सीट असतात, हे मान्य. पण त्या सीट, तो लेप आणि ती हलकी स्प्रिंग एकत्र जन्मलेली असतात.

मग जाणकार विक्रेता पुढची पायरी सुचवतो: सीटही बदला, बेरिलियम-तांब्याची घाला. धातू म्हणून ही सूचना चुकीची नाही. तांबं उष्णता झपाट्याने ओढून घेतं आणि टायटॅनियमचा मंदपणा भरून काढतं. तापल्यावर ते लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या हेडला जास्त साथ देतं आणि सीट सैल पडण्याची भीती कमी होते. हे सगळं मी मोकळेपणाने कबूल करतो. पण त्या मिश्रधातूत दोन टक्क्यांच्या आसपास बेरिलियम असतं. अखंड कडी हातात धरायला धोका नाही. धोका आहे तिची धूळ आणि धूर श्वासात जाण्याचा. त्यातून फुप्फुसांचा जो जुनाट विकार जडतो तो कधी कधी कित्येक वर्षांनी वर येतो आणि तो पूर्ण बरा करणारं औषध नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने २०१७ मध्ये हवेतल्या बेरिलियमची मर्यादा दर घनमीटरला २ मायक्रोग्रॅमवरून ०.२ वर आणली, म्हणजे दहापट कडक केली. आता आपल्याकडची पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आणा. सीट कटर फिरतो, चुरा उडतो, कारागीर तोंडाने फुंकर मारतो किंवा कॉम्प्रेसरची हवा सोडतो. शेजारी शिकाऊ पोरगा उभा, नाकातोंडावर काही नाही. आठवड्याला एक दिवस चिखलात मजा करणाऱ्या गाडीसाठी या पोराच्या छातीत काय भरायचं, हा प्रश्न गाडीच्या मालकाने स्वतःला विचारायलाच हवा. बेरिलियम नसलेल्या, निकेल-सिलिकॉनच्या तांब्याच्या सीट मिळतात. ज्याला तांबंच हवं असेल त्याने निदान त्या मागवाव्यात, आणि कारागिराला धातू कोणता आहे ते आधी सांगावं. न सांगता हातात देणं हा माझ्या मते गुन्हा आहे.

टायटॅनियमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा अजून राहिला. व्हॉल्व्ह हलका असेल तर सीटवरचा आघातही हलका, मग झीज कमीच व्हायला नको का? तत्त्व म्हणून बरोबर. पण हा फायदा पदरात पडतो तो स्प्रिंगही हलकी घातली आणि कॅमशी तिचं गणित पुन्हा मांडलं तरच. आपल्याकडे नुसता व्हॉल्व्ह बदलतात आणि स्टीलसाठी असलेली जड स्प्रिंग तशीच ठेवतात. मग त्या पातळ लेपावर गरजेपेक्षा जास्त दाब रात्रंदिवस बसतो. उलट दिशेची चूकही तितकीच वाईट. सेकंड-हँड आणलेल्या मोटोक्रॉस गाडीचे झिजलेले टायटॅनियम काढून स्टील घालायचं आणि स्प्रिंग जुनी, हलकीच ठेवायची, म्हणजे फ्लोटला आमंत्रण. स्टील घालणार असाल तर स्प्रिंगचा पूर्ण संच बदला. या बाबतीत स्टीलचा कैवारी म्हणून मी कुणाला सूट देणार नाही.

इंधनाची बाजूही सीटच्याच वाट्याला येते. शिशाचं पेट्रोल होतं तेव्हा त्या शिशाची पूड सीटवर पातळ गादीसारखी बसायची. २००० साली ते देशभर बंद झालं, हवेसाठी ते झालंच पाहिजे होतं, आणि सीट कठीण करणं भाग पडलं. सीएनजी तर साफ कोरडं इंधन. सीएनजी रिक्षांचं हेडचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना सीट कशी आत बसत जाते ते सांगायला नको. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. सीटचा धातू काय आहे आणि ती नीट कापली आहे का, याला महत्त्व वाढत चाललं आहे, आणि आपली चर्चा मात्र व्हॉल्व्हच्या झगमगाटावर अडली आहे.

पैसे कुठे घालावेत म्हणाल तर आधी हवेच्या वाटेवर. एअरबॉक्सचं झाकण काढून ‘मोकळा श्वास’ देणं आणि कंपनीचा फिल्टर काढून उघडा कोन फिल्टर लावणं, ही या भागातल्या व्हॉल्व्हांची सगळ्यात मोठी शत्रू जोडगोळी आहे. व्हॉल्व्ह कोणत्याही धातूचा असो, त्याला वाचवतो तो तेल चोळलेला स्वच्छ फोम, नीट बसलेलं रबर आणि एअरबॉक्स-इनटेकच्या जोडावर बोटाने फिरवलेलं ग्रीस. उन्हाळ्यात धुळीच्या वाटेवरून आलात की फिल्टर उघडा आणि त्याच्या आतल्या बाजूला पांढरा रुमाल फिरवा. रुमाल मळला तर धूळ इंजिनात गेलेली आहे. तिथे टायटॅनियम काही करू शकत नाही.

त्यानंतर सीटचं काम. स्टीलच्या व्हॉल्व्हांवर ज्यांचा हात बसलेला आहे असे कारागीर कर्जत-खोपोलीत आहेत, त्यांना पुरेसा वेळ आणि मोबदला द्या. आधी गाइड तपासा, कारण गाइड सैल असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी टेकतो आणि कितीही सुरेख सीट फुकट जाते. सीट तीन कोनांत कापून घ्या. टेकणारी पट्टी ४५ अंशांची, एक्झॉस्टला इनलेटपेक्षा थोडी रुंद ठेवा, कारण उष्णता तिथूनच उतरायची आहे. निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवा आणि त्याच्या कडेवर सलग, एकसारखी कडी उमटते का पाहा. कुठे तुटली असेल तर काम अपुरं आहे. मग पोर्टमध्ये पेट्रोल ओता आणि चहा होईपर्यंत वाट पाहा. ज्वलनकक्षाच्या बाजूला ओल दिसली तर हेड परत. या सगळ्याला मिळून जो खर्च येतो त्याच्या कित्येक पट पैसे नुसत्या टायटॅनियमच्या संचाला जातात.

ज्यांना टायटॅनियम खरोखर लागतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत श्री शिव छत्रपती क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीग झाली, तशा ठिकाणी उतरणाऱ्या स्वाराने त्याच्या गाडीत कारखान्याने घातलेलं टायटॅनियमच ठेवावं. त्याच्या इंजिनाचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांमध्ये मोजतात. मीटरवरचे तास भरले की व्हॉल्व्हची फट मोजली जाते, ती नोंदवहीत लिहिली जाते आणि पुढच्या मापात ती ठरलेल्या हद्दीबाहेर सरकली तर व्हॉल्व्ह निघतो. शिस्त आहे, म्हणून धातू टिकतो. आठवडाभर दारात उभी राहून रविवारी दादरहून रस्त्याने कर्जतला येणारी, दिवसभर चिखल तुडवणारी आणि संध्याकाळी पुन्हा महामार्गावरून घरी जाणारी गाडी या शिस्तीत बसत नाही आणि तिने बसायची गरजही नाही.

तरीही आपल्या गाडीला टायटॅनियम हवंच असं ज्यांना वाटतं, त्यांनी तीन गोष्टी माझ्यापुढे ठेवाव्यात: जुन्या आणि नव्या स्प्रिंगचा मोजलेला दाब, सीट कोणत्या धातूची आहे याचं विक्रेत्याने लेखी दिलेलं उत्तर, आणि गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या फटीची तारीखवार नोंद. या तिन्ही असतील तर मी माझा आक्षेप त्या गाडीपुरता मागे घेतो. नसतील, तर हेडचे बोल्ट आहेत तसेच घट्ट राहू द्यावेत आणि आधी फिल्टर धुवायला घ्यावा.